चौदा अंश डावीकडे

अमरावती ते अकोला या प्रवासाचं कौतुक लिहायला बसले की आमच्या घरचेच हसतील. चौपदरी रस्ता, दोन तास. आत्याच्या नातवाच्या बारशाला बाबा आणि मी निघालो होतो. मी नाशिकहून चार दिवसांसाठी आलेली शहाणी लेक. निघताना आईने मला बाजूला घेतलं. "तुह्या बाबाची गाडी आजकाल कुठीबी जाते. वय झालं त्याइचं. आज नीट पाह्य, अन् मंग चालवनं बंदच कर त्याइचं."

म्हणजे मी परीक्षक होते. बाबांना याची कल्पना नव्हती, असं मी धरून चालले होते.

बडनेऱ्याला आलूबोंडा आणि तर्री (लालभडक तिखट रस्सा) खाल्ली, नाक पुसत पुढे निघालो. दोन्ही बाजूंना काळ्या मातीत पऱ्हाटी (कपाशी) फुटलेली. बाबा अगदी सावकाश चालवत होते. मीच म्हटलं, "जरा दाबा की!" त्यांनी वेग घेतला आणि गाडी एकदम डावीकडे खेचली गेली. कडेने एक सायकलवाला चालला होता. हातभर अंतरानं वाचला.

मी किंचाळले. "बाबा, बस झालं! उतरा खाली!"

बाबांनी गाडी कडेला घेतली, उतरले आणि शेजारी येऊन बसले.

मी तोऱ्यात गाडी हाकू लागले. पाचेक किलोमीटर गेलो असू. समोर सरळसोट रस्ता, स्टिअरिंग मी दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं, पाय ब्रेकजवळही नाही. आणि डावीकडच्या चाकाला आपोआप करकचून ब्रेक लागला! डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं पिवळं चित्र पेटलं. गाडी कशीबशी कडेला थांबवली.

"मी काहीच केलं नाही!"

"मीबी काई केलं नोतं," बाबा म्हणाले.

मूर्तिजापूरच्या गॅरेजात फिरोजभाई मिस्त्रींनी गाडीला स्कॅनर जोडला, आधी सरळ रस्त्यावर एक चक्कर मारली आणि पडदा माझ्यापुढे धरला.

"पाहा ताई. चाकं सरळ, स्टेरिंग सरळ. अन् हा आकडा?"

चौदा.

"स्टेरिंग किती वळलं ते सांगनारा सेन्सर हाये हा. हा सांगून राहिला का चौदा अंश डावीकडे वळलं. गाडी सरळ चालली, तर तिले वाटते का घसरून राहिली. मंग तिले डावीकडे वळवाले ते डावं चाक ब्रेकनं धरते. चाकाइची अलाइनमेंट कधी केली?"

"दोन महिने झाले," बाबा म्हणाले. "स्टेरिंग वाकडं दिसे. त्यानं खोलून सरळ बसवून देल्लं."

फिरोजभाईंनी कपाळावर हात मारला. "चाकाले जोडनारे खालचे रॉड फिरवाचे सोडून स्टेरिंगच उचलून बसवलं! डोळ्याले सरळ, सेन्सरले वाकडं."

तासाभरात त्यांनी रॉड जुळवले, स्टिअरिंग मूळ जागी बसवलं, सेन्सर शून्यावर आणला आणि चावी बाबांपुढे धरली. "चला काका, तुमीच पाहा चालवून."

बाबांनी चावी घेतली नाही. दोन्ही हात समोर धरून ते बघत राहिले.

"पक्कं गाडीतच होतं ना? माह्या हातात नाई?"

"हाताले काय धाड भरली, काका?"

"मोठ्या भावाचे हात असेच कामातून गेले होते. मले वाटलं, माहेबी सुरू झाले. म्हनून नातीले शाळेत सोडनं बंद केलं."

दादाच्या मुलीला शाळेत सोडणं त्यांनी बंद केलं तेव्हा आम्ही सगळे म्हणालो होतो, आजोबा कंटाळले. दोन महिने आम्ही त्यांचं वय मोजत होतो. गाडी एकदा दाखवून आणू, असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आमची खात्री इतकी होती की त्यांनाही ती पटली, याची मला भयंकर लाज वाटली.

बारसं झालं. परतीला, उन्हं कलताना, गाडी बाबांनीच चालवली. ती एकदाही डावीकडे खेचली गेली नाही. बडनेऱ्याच्या अलीकडे त्यांनी वेग घेतला आणि माझा हात आपसूक दाराच्या कडीवर गेला.

बाबांनी ते पाहिलं आणि वेग कमी केला.