चौथ्या मजल्यावरचा मुक्त बाजार

ऐंशीच्या दशकात अमेरिकेने जे आर्थिक आणि सामाजिक धोरण राबवलं, ते खुद्द अमेरिका विसरली असली तरी पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या आमच्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर आजही जसंच्या तसं लागू आहे. तिथे माझ्या बायकोचे मामा राहतात. तरुणपणी ते ओहायोतल्या एका पोलाद कारखान्यात केमिस्ट होते. तिकडून येताना लोक चॉकलेटं आणि अत्तरं आणतात, मामा विचारसरणी घेऊन आले. कर कमी करा, सरकारने लोकांच्या मध्ये मध्ये करू नये, ज्याने त्याने आपल्या पायांवर उभं राहावं, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांचं बघायला सरकार कशाला हवं, घरचे आहेत, शेजारीपाजारी आहेत. एवढ्यावर त्यांचं सगळं जग उभं आहे. गंमत म्हणजे त्याच धोरणाच्या धामधुमीत तो कारखाना बंद पडला आणि मामांना पनवेल गाठावं लागलं. मी एकदा भीत भीत हा विषय काढला, तर म्हणाले, "बरोबरच झालं, जावईबापू. मी फारसा कामाचा नव्हतोच. बाजाराने ते ओळखलं. तुमच्या मामींना मात्र शेवटपर्यंत ओळखता आलं नाही."

मामांबरोबर भाजीला जाणं म्हणजे शिक्षाच. भाजीवाली सगळ्यांना देते तशी मूठभर कोथिंबीर आणि दोन मिरच्या त्यांच्या पिशवीत वरून टाकते, आणि मामा त्या काढून परत टोपलीत ठेवतात. "फुकट देत जाऊ नकोस. अनुदानाने माणूस आळशी होतो." ती बाई बिचारी म्हणते, "बाबा, कोथिंबिरीनं कोन आलशी झालाय?" पण मामा ऐकत नाहीत. घरी आल्यावर आमटीत घालायला कोथिंबीर नसते. मग खालून आमच्याकडची मागवतात, कारण ते कुटुंब, आणि कुटुंबात चालतं. त्यांचं सख्खं कुटुंब म्हणजे मुलगा, तो मोठा झाल्यावर परत ओहायोला गेला आणि तिकडेच राहिला. त्याचा रविवारी फोन येतो. त्यासाठी मामा इस्त्रीचा शर्ट घालून बसतात.

वरच्यांची भरभराट झाली की ती आपोआप खालपर्यंत झिरपते, हा तर त्यांचा आवडता सिद्धांत. तो समजावताना ते गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवतात. टाकी भरली की चार मजल्यांना पाणी मिळतं की नाही? आमच्या तळमजल्यावर म्हात्रे राहतात, मूळचे इथल्याच ओवे गावचे. त्यांनी एकदा हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मामा, तुमी बोलता ते बरोबर हाय. आमच्या नळाला झकास धार हाय. तुमच्याकडंच येत नाय." आणि ते खरंच होतं. टाकीच्या सर्वांत जवळ मामा, आणि बादली भरायला सगळ्यांत जास्त वेळ त्यांनाच लागायचा. पण तेवढ्याने सिद्धांत सोडतील तर ते मामा कसले.

काही वर्षांपूर्वी सोसायटीत लिफ्टचा विषय निघाला. खालच्यांनी वर्गणी द्यायला नकार दिला, तसा तो सगळ्याच सोसायट्यांमध्ये देतात. लिफ्टची गरज सगळ्यांत जास्त मामांना, आणि उठून बोलले तेही मामाच. "ज्याला वर जायचंय, त्याने आपला खर्च करावा. म्हात्र्यांनी माझ्या गुडघ्यांसाठी कर का भरायचा?" तळमजल्याने टाळ्या वाजवल्या. वरचे मजले हबकून बघत राहिले आणि लिफ्ट बारगळली.

मग गुडघे गेले. मामांचा संध्याकाळचा फेरा बंद झाला, गेटजवळच्या कट्ट्यावरचं त्यांचं भाषण बंद झालं, आणि खरं सांगतो, आम्हाला करमेना. एके दिवशी म्हात्रेच वर गेले. मीही गेलो, आणखी दोघं आले. मामांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि चौघांनी उचलून खाली आणलं. त्यानंतर हे रोजचंच झालं. आम्ही घामाघूम, आणि खुर्चीतून मामांचा आवाज येई, "बघा, सरकार नाही, सक्ती नाही. शेजारी आपण होऊन येतात. मी हेच म्हणत होतो." जिन्याच्या वळणावर हे ऐकताना खुर्ची सोडून द्यावी असं प्रत्येकाच्या मनात निदान एकदा येऊन गेलं असणार.

आमच्या कमरांनी तक्रार केली तेव्हा लिफ्टचा विषय पुन्हा सभेत आला. या वेळी वर्गणीला पहिला होकार म्हात्र्यांचा. मामांना बोलायचं होतं, म्हणून आम्ही चौघांनी त्यांना चार मजले उचलून खाली आणलं, आणि त्यांनी लिफ्टच्या विरोधात भाषण केलं. सभा हसून हसून बेजार झाली. ठराव मंजूर झाला. विरोधात हात एकच.

त्यांना वर नेऊन बसवलं तेव्हा मी जरा चिडलोच होतो. म्हटलं, "मामा, आता तरी हट्ट सोडायचा होता. हे तुमच्याच सोयीचं आहे ना?"

मामांनी खुर्चीच्या हातावरून बोट फिरवलं. "लिफ्ट आली की मी एकटा खाली येऊ शकेन, जावईबापू," ते म्हणाले. "मग माझ्या दाराची बेल कोण वाजवणार?"

इतकी वर्षं मी त्यांच्या धोरणावर हसत आलो. त्या दिवशी मला हसता आलं नाही.

लिफ्ट येऊन आता बरेच महिने झाले. तरी संध्याकाळी आमच्यापैकी कुणीतरी लिफ्टने वर जातो, बेल वाजवतो आणि मामांना घेऊन येतो. "मी येतच होतो, उगाच कशाला आलात," असं ते रोज म्हणतात. परवा मला वर जायला उशीर झाला. चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं, तर समोर मामा. घराला कुलूप लावलेलं, हातात काठी, इस्त्रीचा शर्ट. लिफ्टचं बटण त्यांच्या हाताशीच होतं. ते न दाबता मामा तिथेच खुर्ची टाकून बसले होते.