नक्शेवाली मॅडम

आमच्या ऑफिसात कुणी कोड दाखवायला गेलं की ती कोड बघायचीच नाही, आधी त्याचं चित्र मागायची. कुठली फाइल कुठल्या फाइलवर टेकलेली आहे ते चौकोन आणि बाणांनी दाखवणारा छोटा प्रोग्राम तिनं स्वतःच लिहिला होता. ते चित्र मोठ्या पडद्यावर लावून ती हनुवटीला हात लावून बसे. भिलाईतल्या आमच्या लहानशा कंपनीत त्यामुळे तिचं नाव पडलं, नक्शेवाली मॅडम. आमचं घराणं भंडाऱ्याकडचं हे कळल्यावर मला मात्र तिनं फर्मावलं, "मले मॅडम नको म्हणू, ताई म्हण. घराबाहेर मराठी बोलाले भेटते कुठं?"

ताईचे वडील भिलाई-३ च्या रेल्वे यार्डात डबे जोडण्या-तोडण्याच्या कामावर होते. चित्रात बाणांवर बाण चढलेले दिसले की तिला यार्ड आठवे. "डबा आत घालनं सोपं असते रे," ती म्हणे, "बाहेर काढाची पाळी आली म्हणजे समजते, लाईन कशी टाकली तं." मग एखाद्या चौकोनावर बोट ठेवून तिचा ठरलेला प्रश्न यायचा, "हे काढलं तं काय काय बंद पडते?" उत्तर देता आलं नाही की चहा पिऊन परत यायचं.

पुढे एआय आला आणि आम्ही पोरं हरखून गेलो. दिवसभराचं काम दुपारच्या जेवणाआधी होऊ लागलं. ताईही तो वापरायची. नव्या गोष्टींना नाकं मुरडणाऱ्यांतली ती नव्हती. पण तिनं एक पहारा बसवला. एआयनं केलेल्या प्रत्येक बदलानंतर मशीनच गुंता मोजायचं, एकच गोष्ट दोनदा लिहिली आहे का ते शोधायचं आणि बांधणीला गुण द्यायचं. गुण मर्यादेखाली गेले की बदल आत जात नसे. आम्ही त्या पहाऱ्याला सासूबाई म्हणायचो. ताई हसायची आणि म्हणायची, "एआय मांगितलं ते देते. घरात ते आधीच आहे का, हे पाहाची त्याले सवय नाही."

मला अहिवाऱ्याकडच्या एका चुनखडीच्या खाणीचं काम मिळालं होतं, ट्रकांच्या वजनाचा प्रोग्राम लिहिण्याचं. ते वेळेत गेलं तरच नोकरी पक्की होणार होती. बाबा पोलादाच्या प्लांटातून रिटायर झाले होते, सेक्टर ६ मधलं प्लांटचं क्वार्टर सोडायचं होतं आणि घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. हे मी ताईला चहा घेताना सांगितलं होतं. मुद्दाम सांगितलं नव्हतं, असं मी स्वतःला बजावत आलो आहे. पण आवाज जरा पाडून सांगितलं होतं, हेही खरं.

माझं चित्र पडद्यावर आलं तेव्हा शेवयांचं ताट उपडं झाल्यासारखं दिसत होतं. सासूबाईंनी ते केव्हाच परत केलं होतं, आणि मालक दारात घड्याळ बघत उभे होते. ताईनं माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. प्रश्न विचारलाच नाही. स्वतःच्या हातानं मर्यादा खाली आणली आणि हळूच म्हणाली, "आज जाऊ दे. सोमवारपासून दोघं बसून उलगडू."

सोमवारी नवं काम आलं, त्यानंतर आणखी एक. माझी नोकरी पक्की झाली, मी पेढे वाटले. ताईनं अर्धाच खाल्ला.

काही महिन्यांनी खाणीनं ओल्या दगडातल्या पाण्यापोटी वजनातून होणारी कपात बदलली. मी एआयला सांगितलं, त्यानं बदल केला, चाचण्या हिरव्या झाल्या, म्हणजे पास. पण कपातीचा तोच नियम त्यानं आधीच्या कामात एकदा फाटकावरच्या पावतीत आणि पुन्हा बिलात असा दोनदा लिहून ठेवला होता, आणि बदलला फक्त बिलातला. पावतीचं वजन बिलाशी जुळेना. ड्रायव्हर भांडू लागले आणि ट्रक भर उन्हात रस्त्यावर उभे राहिले. मालकांनी सगळ्यांना बोलावून विचारलं, हे पास कुणी केलं? "लिमिट मैंने घटाई थी," ताई म्हणाली, "गलती मेरी है." कुणासाठी, ते तिनं सांगितलं नाही. मी फरशीकडे बघत राहिलो.

तिला कुणी काढलं नाही, ती स्वतः गेली. "माप मीच वाकवलं," एवढंच म्हणाली, "आता माह्या मापाले कोन मानन?"

मी तिच्या भिलाई-३ च्या घरी गेलो. माफीची वाक्यं स्कूटरवर वाटभर घोकली होती. तिनं चिवड्याची बशी पुढं केली. मी सुरुवात केली, "ताई, ते माझ्यामुळे..."

"बाबाले घर भेटलं का?" तिनं मधेच विचारलं.

"भेटलं. भाड्याचं आहे. दोन खोल्या."

"मंग झालं." बशी आणखी जवळ सरकवून म्हणाली, "मले त्या ट्रकवाल्याइचं वाईट वाटते. उनात उभे होते बिचारे. तुह्यं नाही वाटत."

त्या दिवशी तिनं मला झापायला हवं होतं. झापलं असतं तर मी रडलो असतो, मोकळा झालो असतो.

तो गुंता मी नंतर एकट्यानं उलगडला. मर्यादा पूर्वीच्या जागी आणली. आता तिच्या खुर्चीत मी बसतो आणि नव्या पोरांचं काम बिनदिक्कत परत पाठवतो. कामात मी चोख आहे, असं सगळे म्हणतात. पण कुणाच्या घरी कसं चाललं आहे हे मी कधी विचारत नाही. कळलं तर काय करीन, याची मला भीती वाटते. ताई सगळ्यांना विचारायची.