बघून घे म्हणजे काय?

आमच्या प्रश्नपत्रिकेवर छापलेलं असायचं, ‘खालीलपैकी कोणतेही चार प्रश्न सोडवा.’ हे वाक्य किती मायेचं आहे, ते मला नाशकात अंबडच्या कारखान्यात लागल्यावर कळलं. तिथे ‘खालीलपैकी’ काही नसायचं. प्रश्न कोणी विचारायचंच नाही, एकदम उत्तर चुकलं म्हणून सांगायचे.

कारखाना कंट्रोल पॅनलचा. म्हणजे यंत्रांना वीज वाटून देणारी, आत तारांचं जाळं असलेली लोखंडी कपाटं. इलेक्ट्रिकलची पदवी घेऊन मी तिथे ट्रेनी म्हणून लागले. सोबत माझ्याच वर्गातला एक मुलगा होता. दोघांपैकी एकालाच कायम करणार, हे आम्हाला पहिल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. तिकडे नांदगावला आईने मात्र ‘पोरगी नाशकाला कंपनीत लागली’ असं गल्लीभर करून ठेवलेलं. कायम झाले नाही तर त्याच गल्लीत परत जायचं होतं, आणि तिथे माझ्या पदवीला कोण विचारणार? सिडकोतून बस सुटली की रोज मी किती दिवस उरले ते मोजायची.

आमच्या वरचे सर तसे भले माणूस. आवाज चढवायचे नाहीत. एका दुपारी जाता जाता म्हणाले, “ते मालेगावच्या पार्टीचं पॅनल जरा बघून घे. उद्या जायचंय.”

मी बघून घेतलं. मन लावून बघितलं. वायरिंगचा नकाशा हातात धरून एकेक तार तपासली, नट आवळलेत का पाहिलं, दाराचा रंग एका कोपऱ्यात उडाला होता तो लावून घेतला. घरी जाताना इतकं समाधान वाटत होतं की पाथर्डी फाट्यावर उतरून मी एक प्लेट पाणीपुरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पॅनल जागच्या जागी उभं. टेम्पो आला नव्हता, कारण कोणी बोलावलाच नव्हता. खोकं नाही, कागदपत्रं नाहीत. मालेगावहून फोन, “मॅडम, लूम सब बंद पडेले हैं, पॅनल किदर है?” सर माझ्या टेबलाशी आले.

“तुला बघून घ्यायला सांगितलं होतं ना?”

“बघितलं ना सर. एकदम ओके आहे.”

सगळा विभाग हसला. सरही हसले, आणि त्याचंच मला जास्त लागलं. बघून घे म्हणजे खोक्यात घाल, कागद कर, टेम्पो सांग, पार्टीला फोन कर आणि पॅनल पोहोचेपर्यंत झोपू नकोस. हे सगळं त्या दोन शब्दांत होतं म्हणे! शाळेत वाक्प्रचारांमध्ये मी ‘बघून घेणे’चा अर्थ ‘धमकी देणे’ असा लिहिला होता आणि बाईंनी त्याला गुण दिले होते. आता वाटतं, बाई फारशा चुकल्या नव्हत्या.

तोंड पोळल्यावर माणूस ताकही फुंकून पितो. मी ठरवलं, यापुढे नुसतं बघायचं नाही, करून मोकळं व्हायचं. थोड्याच दिवसांत पुण्याच्या एका पार्टीने पॅनलची चौकशी केली, तेव्हा सर म्हणाले, “हं, त्यांचं बघू आपण.” मी लगेच कामाला लागले. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता डिझाइन केलं, सामान काढलं, पुण्याला फोन करून ‘आम्ही तयार आहोत’ असं सांगूनही टाकलं. सरांनी कपाळावर हात मारला. ती पार्टी त्यांना नकोच होती. “अगं, बघू म्हटलं होतं मी. बघू! अति शहाणा त्याचा बैल रिकामा.”

म्हणजे ‘बघून घे’ म्हटलं की करायचं आणि ‘बघू’ म्हटलं की करायचं नाही. बरं, हे तरी पक्कं असावं? तर तेही नाही. पुढच्याच आठवड्यात एका कामाला ‘बघू’ म्हणाले, ते मी सोडून दिलं, आणि ते व्हायला हवं होतं. मराठी माझी मातृभाषा आहे. मी ती बोलत मोठी झाले, तिच्यात भांडले, रडले. आणि इथे ऐन वेळी ती मला कळेनाशी झाली होती. भाषाच दुसरी होती की माझ्या डोक्यातच काही कमी होतं, ते मला ठरवता येईना. तारांचे हिशेब बरोबर यायचे. माणसं मात्र अभ्यासक्रमाच्या बाहेरची.

सोबतचा मुलगा प्रत्येक गोष्टीला ‘हो सर’ म्हणायचा. एकदा मी त्याला चहाच्या टपरीवर गाठलं. “तुला कळतं का रे, सर काय म्हणतात ते?”

“नाही.”

“मग हो का म्हणतोस?”

“मग काय म्हणू?”

तो हो म्हणायचा आणि तिथेच घुटमळत राहायचा. कोणीतरी काहीतरी हातात द्यायचं, ते करायचा. अशाने त्याच्या चुका कमी व्हायच्या.

ट्रेनिंगची मुदत संपत आली. आईचा रोज फोन, “झाली का गं कायम? लय लोकं विचारून राहिले.” शेवटी मी धीर करून सरांच्या केबिनमध्ये गेले आणि माझं काय ठरलं ते विचारलं. सर म्हणाले, “तुझं बघतो मी.”

माझा संयम सुटला. आवाज थोडा चढलाच. “सर, बघतो म्हणजे नक्की काय? हो की नाही?”

सर चष्मा काढून म्हणाले, “खरं सांगू? मलाच माहीत नाही. मी मालकांना विचारलं होतं. ते म्हणाले, बघू.”

“बघू म्हणजे काय, ते नाही का विचारलंत?”

“मालकांना?” ते हसायला लागले आणि मध्येच थांबले. इतकी वर्षं नोकरी झाली, त्यांनी असं कधी विचारलंच नसावं. त्या क्षणी मला त्यांची कीव आली आणि माझीही. आम्ही दोघंही एकाच वर्गात बसलो होतो. ते उठले. “थांब, आज विचारूनच येतो,” म्हणाले आणि वर गेले.

ते खाली आले तेव्हा चेहरा पडलेला होता. “नाही म्हणाले,” सर म्हणाले.

त्या कारखान्यात मी ऐकलेला तो पहिला शब्द, ज्याचा अर्थ मला लगेच कळला.

सोबतचा तो मुलगा अजून तिथेच आहे. परवा त्याला फोन केला आणि कायम झालास का म्हणून विचारलं. झालेला नाही. त्याने कधी विचारलंच नाही. त्याचं अजून बघू चाललंय. दर महिन्याला पगार येतो, सर चहा पाजतात.

मी नांदगावला आमच्या ओट्यावर बसून हे लिहिते आहे. समोरच्या काकू दळण घेऊन जाताना थांबतात, “मग, परत कधी चालली नाशकाला?” म्हणून विचारतात.

मी म्हणते, “बघू.”

त्या मान डोलावतात आणि पुढे जातात. त्यांना काय कळलं, कोण जाणे. मला तर काहीच कळलेलं नाही.