फुगेकाकांची सनई

फुगेकाकांचे गाल एकदा पाहिले की त्यांचं खरं नाव विचारायची गरज उरत नसे. सनई ओठाला लागली की दोन्ही गालांत एकेक लिंबू ठेवल्यासारखं दिसे. सत्तरच्या दशकात मी दिघोरीला शिक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हा शाळेतली पोरं त्यांची नक्कल करत आणि काका चिडण्याऐवजी पोरांनाच सुधारत. "असं नाही रे, हवा पोटातून आन."

आसपासच्या गावांत त्यांच्या सनईशिवाय लग्न लागत नसे, आणि ती ऐकत मात्र कोणीच नसे. व्याही मानपानावरून भांडत, बायका लुगड्यांचे पोत तपासत. मी तरी कुठला शहाणा! एकदा बसायच्या जागेवरून माझी एकाशी बाचाबाची चालली होती. सनईपुढे माझं बोलणं ऐकू जाईना, म्हणून मी त्यांना हळू वाजवायची खूण केली. त्यांनी मान डोलावली आणि आणखी जोर लावला. नंतर म्हणाले, "हळू वाजवलं असतं त तुमचं भांडन साऱ्या मांडवानं आयकलं असतं, गुरुजी."

पुढे त्यांची छाती बिघडली. पवनीच्या डॉक्टरनं फुंकणं बंद करायला सांगितलं. काकांचा एकच हट्ट होता. "कुसुमचं लगन वाजवतो, मंग सोडतो." कुसुम त्यांची एकुलती एक लेक. त्या थंडीत मी नवा टेपरेकॉर्डर घेतला होता. एका रविवारी काका सनई घेऊन शाळेच्या व्हरांड्यात आले. "भरून घ्या जी. मी असलो त मीच वाजवीन. नसलो त हे लावजा." मी शब्द दिला. खोकल्यानं तीनदा थांबावं लागलं. थांबले की माझ्यावरच डाफरत, "बटन दाबा ना, पाहून काय राहिले?"

होळीच्या आधीच काका गेले. लग्न वैशाखातलं ठरलेलंच होतं, ते पुढे ढकललं नाही.

वऱ्हाड सिहोऱ्याचं. मुहूर्ताला थोडाच वेळ उरला असताना काकांची सनई लावायची म्हणून मी टेपरेकॉर्डर एका पाटावर ठेवला आणि नवरदेवाचे मामा ताडकन उठले. "कोनाची सनई हे? मेलेल्या मानसाची फुक शुभकार्यात? हे लागलं त आमी वऱ्हाड घेऊन वापस जाऊ." काकू दाराआड उभ्या होत्या, त्यांनी मला हातानंच ‘नको’ म्हटलं. माझं बोट बटणावर तसंच राहिलं. दाबावं तर पोरीचं लग्न मोडेल, न दाबावं तर काकांना दिलेला शब्द मोडेल.

तेवढ्यात कुसुमच बाहेर आली, मुंडावळ्या बांधलेली. "गुरुजी, लावा. ज्याले जाचं त्यानं जावं." मामांनी भाच्याकडे पाहिलं. तो पोरगा खाली मान घालून म्हणाला, "लावू द्या ना, मामा."

मी बटण दाबलं.

पहिला सूर निघाला आणि सारा मांडव गप्प झाला. बायकांचे पदर डोळ्यांना लागले. मामा उभे होते तिथेच थिजले. इतकी वर्षं मी ही सनई ऐकली असं समजत होतो. खरं तर त्या दुपारी पहिल्यांदा ऐकली. किती गोड वाजवत होता हा माणूस! आणि मी त्याला हळू वाजव म्हटलं होतं.

कुसुम मात्र संतापली. "असे चूप कायले बसले जी? माह्या बाबाच्या सनईवर कधी कोनी चूप बसलं होतं का? मयतीत आले का तुमी? लगन आहे हे! बोला ना!"

टेप फिरत राहिली. पोरीचे ओठ थरथरायला लागले.

मग मामांनीच घसा खाकरला. फाटक्या आवाजात ओरडले, "अरे, अक्षता कोठी आहेत? वाटा ना लवकर! का मुहूर्त टाळता?" मागून कोणीतरी त्यांना उलटून बोललं, बायकांची कुजबुज सुरू झाली, पोरं हसली आणि बघता बघता मांडवात नेहमीचा गलका उसळला. कुसुम नवरीच्या पाटावर जाऊन उभी राहिली. माझ्या मुठीतही कोणीतरी अक्षता दिल्या, माझ्याशी काहीतरी बोललं. मी सनई ऐकत होतो.