आईचं अ‍ॅडजस्ट करणं

अ‍ॅडजस्ट या इंग्रजी शब्दाला मराठीत जुळवून घेणं म्हणतात, पण आमच्या वऱ्हाडात तसं कुणी म्हणत नाही. अकोला-अमरावती बसमध्ये तिघांच्या सीटवर चौथी बाई अंग टेकवता टेकवताच म्हणते, "थोडं अ‍ॅडजस्ट करा न बाई." आपण हो-नाही म्हणायच्या आत ती बसलेली असते आणि मूर्तिजापूर येईपर्यंत तिच्या सुनेची सगळी गाऱ्हाणी आपल्याला पाठ झालेली असतात. लग्नघरी गाद्या अ‍ॅडजस्ट करायच्या, रश्श्यात पाणी वाढवून पाहुणे अ‍ॅडजस्ट करायचे. शब्द तसा बरा आहे. आईच्या तोंडी मात्र तो मला ऐकवेना.

बाबा गेल्यावर आई अकोल्यात एकटीच राहायची. एकदा न्हाणीत पाय घसरून पडली आणि शेजारीण येईपर्यंत तिथंच पडून राहिली. तेव्हा मी हट्टानं तिला अमरावतीला, आमच्या दोन खोल्यांच्या घरात आणलं. "उन्हाळाभर पाह्यतो. करमलं तं ठीक, नाही तं मी आपली अकोल्याले," असं तिनं आधीच बजावलं होतं. ती परत गेली आणि पुन्हा पडली तर, या धास्तीनं माझं कशातच लक्ष लागत नव्हतं.

आणि ही बाई राहायची पाहुण्यासारखी. पलंगाच्या अगदी कडेला टेकायची. ह्यांच्या बीपीमुळे आमच्याकडची भाजी मिळमिळीत; ती मुकाट्यानं खायची. मालिका बघायची तीही आवाज बंद करून. "अगं, मोठा कर न आवाज," म्हटलं की, "राहू दे वं, मी करतो अ‍ॅडजस्ट." शेजारणी कौतुक करायच्या, किती छान रुळल्या तुमच्या आई! माझा तिळपापड व्हायचा. रुळलेलं माणूस असं अंग चोरून बसतं का?

मे महिन्यातली दुपार होती. जेवून हे कूलरसमोर चटईवर आडवे झाले होते. आमच्याकडे जावई म्हणजे देव. सासू त्याच्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, त्याला काही सुनावणं तर दूरच. आई भिंतीशी पदरानं वारा घेत पडली होती. एकाएकी ती उठून बसली.

"जावईबापू, सरका तिकडे. सारी हवा तुमीच खाऊन राहिले. काहून, आमी माणसं नाही काय?"

हे धडपडत उठले. मी सारवासारव करायला पुढे झाले. पण ते हसले आणि चटई ओढत भिंतीकडे गेले. आई त्यांच्या जागी ऐसपैस आडवी झाली.

"अन् तू वं, पाह्यत काय राहिली? त्या कूलरमंदी पाणी टाक."

मी बादली नळाखाली धरली आणि ती भरेपर्यंत रडून घेतलं. आई आता कुठं जाणार नव्हती.