मोकळी जागा आणि माझी साक्ष

पेडगावकडच्या एका ओढ्यावरचा पूल माझ्याकडं होता. मी बांधकाम खात्याचा शाखा अभियंता. ठेकेदाराला जागाच वेळेवर मिळाली नाही, काम रखडलं, आणि खात्यानं उलट त्यालाच दंड लावला. भांडण लवादाकडं गेलं. लवाद म्हणजे एक निवृत्त मुख्य अभियंता, दोन्ही बाजूंनी पसंत केलेले.

मी शपथेवर सांगितलं, "संक्रांतीच्या आधीच जागा मोकळी करून दिली होती." माझ्या वरच्या कार्यकारी अभियंत्यांनी तसं लिहून दिलं होतं, मी पाठ केलं.

ठेकेदाराच्या वकिलानं शांतपणे एक फोटो पुढं सरकवला. तारीख संक्रांतीनंतरची. पुलाच्या जागेवर डोक्याइतकी उंच ज्वारी, आणि ज्वारीत मी, हुरडा खाताना. शेजारी शेतकरी हसतोय. शेत तेव्हा त्याच्याच ताब्यात होतं.

लवादांनी चष्मा पुसला. "गोड होता का?"

"लय गोड होता," माझ्या तोंडून गेलं.

निवाडा अर्थातच ठेकेदाराच्या बाजूनं लागला. खात्यानं परभणीच्या जिल्हा न्यायालयात आव्हान दिलं. कारण काय, तर निवाडा सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे. ज्वारीत उभं राहून जागा मोकळी म्हणणं कोणत्या धोरणात बसतं, ते अर्जात नव्हतं. सरकारी वकील तासभर बोलले. हुरडा शेजारच्या शेतातलाही असू शकतो, म्हणाले.

"हे लवादापुढं सांगितलं होतं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही, साहेब."

"मग मी इथं पुन्हा पुरावे तपासत बसू? हे अपील नाही."

वकिलांनी माझ्याकडं पाहिलं. मी फायलीकडं पाहिलं. न्यायाधीशांनी अर्ज फेटाळला.

बाहेर ठेकेदारानं मला चहा पाजला. "साहेब, तवाच खरं बोलला असता तर आपली दोघांची इतकी वर्षं वाचली असती." राग नव्हता त्याच्या आवाजात.

आठवड्यानं मला नोटीस आली. खोट्या साक्षीबद्दल नव्हे, कामाच्या वेळेत हुरडा खाल्ल्याबद्दल.

मग कार्यकारी अभियंत्यांनी बोलावलं. "वरच्या कोर्टात जायचं ठरलंय. शपथपत्रावर सही करा."

"सर, जागा मोकळी नव्हती."

"मला माहीत आहे. सही करा."

मी केली नाही. फार हिंमत होती असं नाही. निवृत्तीला दोन महिने उरले होते. माझ्या जागी आलेल्या अभियंत्यानं रुजू झाल्या दिवशी सही केली. त्यानं तोवर तो ओढाही पाहिला नव्हता.