मामाची दहा बोटं

मामाची दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत. तीस वर्षं छापखान्यात कागद कापलेल्या माणसाबद्दल असं सहज म्हणता येत नाही. त्याच्या उस्तादाची साडेआठ होती.

कटिंग मशीनचं पातं हातभर लांब. ते खाली आणायला दोन बटणं एकदम दाबायची, दोन हातांनी. म्हणजे हात पात्याखाली राहतच नाही. शाळा सोडून मी इथे कामाला लागले, तेव्हा मामाने पहिल्या दिवशी एवढंच शिकवलं. "बाकी काही नाही आलं तरी चालेल, गाढवे. दोन बटणं, दोन हात."

गेल्या वर्षी मानेतली नस दबली आणि त्याच्या डाव्या हातात खांद्यापासून करंगळीपर्यंत आग सुरू झाली. ऑपरेशन झालं, गोळ्या झाल्या, पट्टे झाले. आग तशीच. डावं बटण दाबवेना, म्हणून त्याने त्यात लाकडाची पाचर ठोकली. बटण कायमचं दाबलेलं, मामा एका हाताने पातं पाडणार. मी पाहिलं तर म्हणाला, "तोंड उघडलंस तर याद राख."

नाही उघडलं. मामा माझा आहे.

मग दुखण्याच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, गांजाच्या झाडापासून केलेलं तेल आहे, जिभेखाली थेंब टाकायचे. पण सगळ्यांना देता येत नाही.

"आयुष्यभर साधी विडी ओढली नाही," मामा म्हणाला, "आता म्हातारपणी गंजेडी."

बाई विचारत गेल्या. हृदयाचं काही? झडप बदललीय, रक्त पातळ करायची गोळी चालू. त्यांचं पेन थांबलं. "या तेलाने त्या गोळीचा जोर वाढू शकतो. सारखं रक्त तपासावं लागेल."

"तपासू."

"घरात कुणाला भास होणं, डोक्यावर परिणाम?"

"ही भाची सोडली तर कुणी नाही."

बाई हसल्या नाहीत. "गाडी चालवता? मशीनवर काम?"

"छे. मी कागद मोजतो."

बाई लिहायला लागल्या. मी हात मांडीखाली दाबून बसले होते. तेल घेतलेला मामा, पातळ रक्त, ते पातं आणि ती पाचर. कागद अर्धा लिहून झाला होता.

"खोटं बोलतोय तो," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं, पाचरीसकट.

मामाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "शाळेत कधी एक उत्तर दिलं नाही हिने. इथे अक्कल पाजळते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मशीनवर उभे राहणार असाल तर मी हे देणार नाही. मशीन सोडलंत, तर रात्री अगदी थोड्यापासून सुरू करू. महिन्याभरात फरक नाही पडला तर बंद."

"मशीन सोडून करू काय?"

"ते मला नाही सांगता येणार."

मामा उठला आणि निघाला. रस्त्यावर दहा पावलं पुढे चालत राहिला. दोन दिवस जेवताना मीठ हवं असेल तर मामीला सांगायचा, मीठ माझ्यासमोर असलं तरी.

तिसऱ्या दिवशी छापखान्यात गेले तर मशीन बंद, आणि मामा उजव्या हातात हातोडी घेऊन उभा. डाव्यात छिन्नी ठरत नव्हती. तीन वेळा पडली. मी बघत उभी.

"बघतेस काय? धर."

मी छिन्नी धरली. त्याने चार घाव घातले, पाचर निघाली. ती त्याने खिशात टाकली, मशीन चालू केलं, मला पुढे उभं केलं आणि स्वतः मागे सरकला.

"दोन बटणं?"

"दोन हात."

"ऐकू नाही आलं."

"दोन हात, मामा."

पातं खाली आलं, वर गेलं. कड सरळ होती. त्याने अंगठा फिरवून पाहिली.

दुपारी चप्पल घालता घालता म्हणाला, "चल, बाईंकडे जायचंय. तू बाहेर बसायचं."